पाच हजार वर्षांचं लाकूड आणि एक थेंब फेविक्विक!

पहिल्या वर्षी कार्पेंटरी शॉपमध्ये जॉब आपण सगळ्यांनीच केलेत. लॅप जॉइंट, टी-जॉइंट, डोव्हटेल. मापं बरोबर आली, जोडात फट दिसली नाही, की जॉब सबमिट, जर्नलवर सही आणि विषय संपला! त्या जॉबला पॉलिश कुठलं करायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं. तो जॉब वापरणार होतं कोण?

सध्या मात्र वर्कशॉपमधल्या लाकडी लेथभोवती, आणि पर्यायाने हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री दोनपर्यंत, याच एका प्रश्नावर रणधुमाळी चालू आहे. निमित्त झालं ते आपल्या एका माजी विद्यार्थ्याने इंग्लंडहून पाठवलेल्या लाकडाच्या चार तुकड्यांचं. प्रत्येक तुकडा वीतभरही लांब नाही, जाडीला अंगठ्याएवढा, रंगाने कोळशासारखा. हे ‘बॉग ओक’. वय साधारण पाच हजार वर्षं. यातून लेथवर पेनं कातायची आणि त्यातलं एक या वर्षी निवृत्त होणाऱ्या वर्कशॉपच्या मामांना द्यायचं, एवढं एकमताने ठरलं. एकमत तिथेच संपलं! पेनाला फिनिश कुठला द्यायचा यावर तीन पक्ष पडले आणि तिन्ही पक्षांना स्पष्ट बहुमताची खात्री आहे.

माझं मत मांडण्याआधी या लाकडाची थोडी ओळख करून देतो, कारण वादातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

इंग्लंडच्या पूर्वेला ‘फेन्स’ नावाचा सखल, दलदलीचा प्रदेश आहे. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढत गेली, पाणी साचलं, तिथली ओकची जंगलं बुडाली आणि कुजलेल्या वनस्पतींच्या थराखाली, म्हणजे पीटखाली, गाडली गेली. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला प्राणवायू लागतो. पीटमध्ये तो जवळजवळ नसतो. म्हणून ही झाडं दगड न होता, माती न होता, लाकूडच राहिली. पुढे सतराव्या शतकात त्या दलदलीचा निचरा करून शेती सुरू झाली. पीट आकसत गेलं आणि आता नांगराच्या फाळाला मध्येच असा ओंडका लागतो. बरेचसे ओंडके शेतकरी बांधाला ओढून टाकतात आणि जाळतात. म्हणजे ‘एवढ्या मौल्यवान लाकडाचं पेन करायचं?’ असं ज्यांना वाटतं त्यांनी निश्चिंत राहावं, पेन होणं हे त्या मानाने बरंच भाग्याचं!

आता रंग. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असतं, पाण्यातून लोहाचे क्षार आले, दोघांची हजारो वर्षं अभिक्रिया झाली आणि लाकूड आतपर्यंत काळं झालं. केमिस्ट्रीवाल्यांना हे नवीन नाही. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा कीस टाकून काळी शाई करायची पद्धत आपल्याकडे होती, युरोपात ओकवरच्या गाठींपासून शाई करत. रसायन तेच. थोडक्यात, या पेनाच्या अंगात जो रंग आहे तो शाईचाच रंग आहे. बाहेरून रंग लावायची गरजच नाही.

आता वळू पक्षांकडे.

पहिला पक्ष फेविक्विकवाल्यांचा. फेविक्विक म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. हे रसायन 1942 मध्ये कोडॅकच्या संशोधकांना दुसरंच काही शोधताना सापडलं आणि 1958 मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं. हवेतल्या किंचित ओलाव्यानेही ते घट्ट होतं. लेथवर पेन फिरत असताना त्याचे पातळ थर एकावर एक द्यायचे, मग बारीक-बारीक पॉलिशपेपरने पाण्यात घासत जायचं. शेवटी जे मिळतं ते काचेसारखं दिसतं. घाम, शाई, पाणी यांना हा थर चांगला तोंड देतो. जगभरचे हौशी पेन कातणारे लोक हाच फिनिश मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि ते काही वेडे नाहीत. (जाता जाता एक सूचना : हे रसायन सुती कापडावर सांडलं तर कापड एकदम तापतं, चटका बसतो, प्रसंगी धूरही निघतो. लावायला टिश्यू पेपर घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, डोळ्यांना गॉगल हवाच.)

दुसरा पक्ष लाखवाल्यांचा. हे आपले स्वदेशी लोक! लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याने तयार केलेली राळ. सावंतवाडीच्या आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर जी झळाळी असते ती लाखेची. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून फडक्याने लावली तरी तत्त्व तेच. पाच मिनिटांत चकाकी! तोटा असा, की लाख स्पिरिटमध्ये विरघळते म्हणूनच ती लावता येते आणि म्हणूनच ती निघतेही. 2020 पासून आपल्याला सॅनिटायझरची सवय लागली आहे. ओल्या सॅनिटायझरच्या हाताने रोज पेन धरलं तर लाखेचं काय होईल ते सांगायला नको. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं तरी ती मऊ पडू शकते.

तिसरा पक्ष तेलवाल्यांचा. लिन्सीड, म्हणजे जवसाचं तेल. ज्यांनी नवी बॅट आणून खोलीत तेलाचा वास पसरवलाय त्यांना हे माहीत आहे. हे तेल सुकतं म्हणजे उडून जात नाही; हवेतला प्राणवायू घेऊन ते लाकडाच्या आतच घट्ट होतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं ‘बॉइल्ड’ तेल लवकर सुकतं. अगदी पातळ हात द्यायचा, जादा पुसायचं, सुकू द्यायचं, पुन्हा द्यायचा आणि शेवटी मेण. चकाकी बेताची, संरक्षणही बेताचं, वेळ मात्र भरपूर. (इथेही सूचना : तेलाचे बोळे चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.)

मी या तिसऱ्या पक्षात आहे. का, ते सांगतो.

पहिल्या पक्षाचा मुख्य युक्तिवाद असा : ‘लाकूड पाच हजार वर्षं टिकलंय, आपल्या हातून ते खराब व्हायला नको, म्हणून त्याला सीलबंद करा.’ ऐकायला छान वाटतं, पण तर्क कच्चा आहे. ते टिकलं ते लाकडाच्या अंगच्या गुणाने नव्हे, तर प्राणवायू नसल्यामुळे. बाहेर आल्यावर ते इतर लाकडासारखंच साधं लाकूड. शिवाय पेनात लाकूड उरतं किती? मध्ये पितळी नळी, तिच्याभोवती मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं लाकडाचं कवच. पावसाळ्यात लाकूड फुगणार, उन्हाळ्यात आकसणार, पितळ दमट हवेची दखलही घेणार नाही. भेग पडते ती यामुळे. कुठलाही फिनिश हा ओलावा पूर्ण थांबवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो. सायनोअ‍ॅक्रिलेट जास्त कमी करतं, तेल फार कमी नाही, हे मान्य. पण भेगेवरचा खरा इलाज पॉलिशच्या आधीचा आहे : लाकूड नीट वाळवा. लॅबमधल्या तराजूवर दर आठवड्याला तुकडा तोला, वजन घटायचं थांबलं की भोक पाडा, पुन्हा काही दिवस थांबा, मग काता. आणि टोकाच्या आडव्या रेषांनाही फिनिश द्या, ओलावा सगळ्यात आधी तिथूनच शिरतो. हे कंटाळवाणं काम टाळून वर काच चढवणं म्हणजे प्रॅक्टिकल न करता जर्नलला छान कव्हर घालणं!

दुसरा मुद्दा दिसण्याचा. ‘अरे, काचेसारखं दिसलं पाहिजे!’ असं आमच्यातला एक जण रोज म्हणतो. त्यावर दुसऱ्याचं ठरलेलं उत्तर : ‘मग काचेचंच कर ना!’ विनोद सोडा, पण यात तथ्य आहे. ओकला उघडी, लांबट छिद्रं असतात, हाताला ती जाणवतात. काळ्या लाकडाची छिद्रं बुजवून वर काच चढवली की जे उरतं ते काळ्या प्लॅस्टिकच्या पेनासारखंच दिसतं आणि लागतं. पाच हजार वर्षं फक्त सर्टिफिकेटवर उरतात.

पण माझा खरा मुद्दा तिसरा आहे, आणि त्यासाठी न्यूझीलंडला एक चक्कर मारायला हवी. तिथल्या नॉर्थलंड भागात दलदलीत गाडलेली कौरी झाडं सापडतात. 2019 मध्ये एका भूऔष्णिक वीजकेंद्राच्या खोदकामात असाच एक प्रचंड ओंडका निघाला. वय सुमारे 42,000 वर्षं! त्याच्या वाढवलयांवरून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या उलथापालथीचा अभ्यास झाला आणि तो 2021 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे लाकूड कच्च्या रूपात देशाबाहेर नेता येऊ नये म्हणून तिथल्या 1949 च्या वनकायद्यात तरतूद आहे. तयार वस्तू नेता येते. मग ‘तयार’ म्हणजे काय, यावर वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2018 मध्ये निकाल लागला. कायद्यातल्या व्याख्येचा मथितार्थ असा, की आणखी काही काम न करता जी वस्तू तिच्या हेतूसाठी वापरता येते ती तयार.

मला ही व्याख्या पॉलिशलाही लावाविशी वाटते. फिनिश म्हणजे चकाकी नव्हे, वापराची तयारी. आणि वापर म्हटला की माणूस आला. तेच कौरी पाहा. रंगाने मधासारखं फिकट, तुलनेने मऊ. त्याच्या पेनाला हाताचा मळ लगेच दिसणार, नखाचा ओरखडा उठणार. ते पेन माझ्या हातात आलं तर मी स्वतः सायनोअ‍ॅक्रिलेट लावीन, पक्ष बदलल्याचा आरोप झाला तरी चालेल! बॉग ओक काळं आणि त्या मानाने कठीण, तिथे मळाची भीती नाही.

आता मामांचा विचार करा. हा माणूस पेन शोकेसमध्ये ठेवणारा नाही. खिशाला लावणार, हिशेब लिहिणार, नातवाला चित्र काढायला देणार. पेन पडणार, झिजणार. सायनोअ‍ॅक्रिलेटच्या थराचा कडेला एखादा टवका उडाला की आत ओलावा शिरतो, पांढुरका डाग दिसतो आणि मग सगळा थर घासून काढण्याशिवाय गत्यंतर नाही. त्यासाठी लेथ हवा. लाख दुरुस्तीला सोपी, नवा थर जुन्यात मिसळून जातो, पण तिलाही खरी झळाळी लेथवरच. आणि निवृत्तीनंतर मामांकडे नेमकं तेच नसणार! तीस-तीस बॅचना लेथ शिकवलेल्या माणसाला आपण असं पेन द्यायचं का, की जे बिघडलं तर त्याला आपल्याच दारात यावं लागेल? तेलाचा फिनिश उतरला तर एक चिंधी, दोन थेंब तेल, थोडं मेण आणि रविवारची दुपार पुरे. तो टिकतो कमी, पण मालकाच्या ताब्यात राहतो. माझ्या मते चांगल्या फिनिशची कसोटी ‘किती वर्षं टिकेल’ ही नाही. ‘उतरल्यावर ज्याचं पेन आहे त्याला स्वतःला परत लावता येईल का’ ही आहे.

अर्थात एकट्याच्या मतावर निर्णय घ्यायला ही काही विद्यार्थी संघाची बैठक नाही! तुकडे चारच आहेत आणि पाचवा मिळायचा नाही. म्हणून भंगारातल्या सागवानाची आणि शिसवाची पेनं कातून तिन्ही फिनिश दिले आहेत. पेनांवर फक्त नंबर आहेत. गुरुवारी चार वाजता वर्कशॉपमध्ये या, एक पेन न्या, महिनाभर वापरा. मेसमध्ये, लायब्ररीत, घामाने भिजलेल्या वायवात, जिथे न्याल तिथे. नंतर आणून द्या आणि हातात कसं वाटलं ते वहीत लिहा. स्टाफ मंडळींनाही आग्रहाचं आमंत्रण. तुमची पेनं आमच्यापेक्षा जास्त चालतात, निदान लाल शाईची तरी!

एकच विनंती. मामांना यातलं काही कळू देऊ नका.