कॉपी

मंडळी, गेल्या दिवाळीला याच पानावर मी माझ्या फसलेल्या अनारशांची कथा सांगितली होती. त्यावर चौघींचे फोन आले, चौघींनी चार कृती सांगितल्या आणि अनारसे यंदाही फसले. यंदाच्या विषयावर मात्र कुणाचा फोन येईल असं वाटत नाही. कारण यंदा मी ॲम्प्लिफायर तयार केला. विकत आणला नाही, तयार केला. इलेक्ट्रिक गिटारचा, व्हॉल्व्हचा, साठ वर्षांपूर्वीच्या एका मार्शल ॲम्प्लिफायरची हुबेहूब नक्कल.

‘तू?’ असं सासूबाई म्हणाल्या, तसं तुम्हीही म्हणाल. एम. ए. मराठी, सहा वर्षं हायस्कूलमध्ये शिकवलं, आणि गेली नऊ वर्षं ईलिंगमध्ये घर, मुलगा, डबे. सायन्सशी माझा संबंध दहावीला संपला. पण मी रेडिओ मेकॅनिकची मुलगी आहे. हे इथे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही सांगायला फारशी उत्सुक नव्हते. मंडळाच्या कार्यक्रमात वडिलांचा विषय निघाला की मी ‘कराडला दुकान होतं’ म्हणायचे आणि पुढची भजी वाढायला घ्यायचे.

त्याचं झालं असं. नवरा पुण्यात इंजिनिअरिंगला असताना कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. लॉकडाउनमध्ये त्याने या ॲम्प्लिफायरच्या सुट्ट्या भागांचा संच मागवला. ॲल्युमिनियमची चॅसी, दोन जड ट्रान्सफॉर्मर, एक चोक, सहा व्हॉल्व्ह आणि पुड्यांमध्ये बांधलेले रेझिस्टर. आठशे पौंड. (किंमत मला मागाहून कळली.) त्याने खोका उघडला, नकाशा पाहिला, खोका बंद केला आणि जिन्याखाली व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे सरकवला. तिथे तो चार वर्षं होता.

यंदा एप्रिलमध्ये आप्पा आले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. पहिले पंधरा दिवस बागेत फेऱ्या, नातवाचं कौतुक आणि ‘इथे ऊन कधी पडतं’ यात गेले. मग एक दिवस मी शाळेतून मुलाला घेऊन परतले, तर जेवणाच्या टेबलावर तो खोका उघडलेला, आणि आप्पा एक व्हॉल्व्ह उजेडाकडे धरून बसलेले.

“हे नवीन आहे,” ते म्हणाले. “कोण बनवतं अजून?”

आप्पांच्या हातून मर्फी, बुश, फिलिप्सचे किती रेडिओ गेले असतील, त्याचा हिशेब नाही. १९७० च्या सुमारास पंधराव्या वर्षी ते एका दुकानात उमेदवारीला लागले, मग स्वतःचं दुकान टाकलं. ट्रान्झिस्टर आले, टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, त्यांनी सगळं दुरुस्त केलं. पण जीव व्हॉल्व्हवर. रेडिओ लावला की अर्धा मिनिट काहीच नाही, मग काचेच्या आत नारिंगी निखारा आणि मग आवाज. मी लहानपणी दुकानात अभ्यासाला बसायचे, तेव्हा परवचा म्हणावा तसे रेझिस्टरच्या पट्ट्यांचे रंग पाठ झाले होते. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार. त्या दिवशी टेबलापाशी उभी राहून मी एक पुडी उचलली आणि नकळत म्हणाले, “तपकिरी, काळा, पिवळा. एक लाख ओहम.” नवरा माझ्याकडे बघतच राहिला. लग्नाला बारा वर्षं झाली होती.

आता जरा या नकलेबद्दल. तुमच्यापैकी जे २०७ नंबरच्या बसने साउथॉलला भाजी आणायला जातात, ते दर वेळी हॅनवेलवरून जातात. तिथेच, ७६, अक्सब्रिज रोड या पत्त्यावर, जिम मार्शल नावाच्या ड्रम शिकवणाऱ्या मास्तरांनी १९६० साली दुकान काढलं. ड्रमवाल्यांबरोबर गिटारवाली पोरंही यायला लागली आणि म्हणायला लागली, आम्हाला अमेरिकेतल्या फेंडरसारखा ॲम्प्लिफायर द्या. फेंडर बाहेरून यायचा, म्हणजे महाग. तेव्हा दुकानातले दुरुस्तीवाले केन ब्रॅन आणि ई.एम.आय. कंपनीत शिकाऊ असलेला डडली क्रेव्हन हा पोरगा, यांनी फेंडरचा ‘बासमन’ समोर ठेवला आणि १९६२ च्या सुमारास त्याची नक्कल केली. जिम आणि त्यांचा मुलगा टेरी मार्शल यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं जेटीएम४५. मी ज्याची कॉपी करत होते, ते मुळात कॉपी होतं!

कॉपी या शब्दाशी माझं जुनं वैर. बारावीच्या परीक्षेला मी सुपरव्हिजन केलेलं आहे. खिडकीतून आत आलेल्या चिठ्ठ्या, मोज्यातल्या गाइडची पानं, सगळं पकडलंय. त्यामुळे मला आधी वाटलं, हे काय, चोरीचाच माल. पण नकाशा घेऊन बसल्यावर गंमत कळली. त्या लोकांनी सर्किट जवळजवळ रेघेला रेघ उतरवलं, पण भाग घातले ते इथे मिळतील ते. पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी अमेरिकेतला १२एवाय७ होता, तिथे यांनी ईसीसी८३ बसवला. पहिल्याचा वाढवण्याचा आकडा ४४, दुसऱ्याचा १००. शेवटच्या दोन मोठ्या व्हॉल्व्हच्या जागी लवकरच इथले केटी६६ आले. ट्रान्सफॉर्मर इथले. फेंडरचे दहा इंची चार स्पीकर मागून उघड्या पेटीत होते. यांनी बारा इंची चार, तेही बंद पेटीत कोंबले. आणि आवाज बदलला. जाडा झाला, आवाज वाढवला की फाटायला लागला, आणि पोरांना नेमका तो फाटलेला आवाजच आवडला. १९६६ साली एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबरच्या रेकॉर्डवर जो आवाज काढला, तो याच घराण्यातल्या मार्शलचा. नवरा ते ऐकताना डोळे मिटतो. मला आपलं आठवलं, या देशात आल्यावर पहिल्या वर्षी मी चण्याच्या डाळीऐवजी पिवळ्या स्प्लिट पीजचं पुरण केलं होतं. मुलगा आता कराडची पुरणपोळी खाल्ल्यावर म्हणतो, ‘ही तुझ्यासारखी नाही लागत.’

तर काम सुरू झालं. आणि लगेच अडलं, कारण आप्पांचे हात थरथरतात. दोन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरतात आणि आम्ही तिकडे बघत नाही, असं ठरलेलं. या ॲम्प्लिफायरमध्ये चारशे व्होल्टच्या वर दाब असतो. त्यांच्या रेडिओंमध्ये अडीचशेच्या आसपास असायचा. शिवाय कंडेन्सर वीज धरून ठेवतात. प्लग काढला तरी ती आत असते. “बंद केला म्हणजे मेला असं समजायचं नाही,” हे आप्पांचंच वाक्य. दुकानात नियम होता, उघड्या सेटमध्ये उजवा हात घालायचा तर डावा पाठीमागे. म्हणजे शॉक बसलाच तरी या हातातून त्या हातात, छातीतून जायचा नाही. असा नियम असलेल्या माणसाचे हात आता त्यांच्या ताब्यात नव्हते.

मी भाजी घेऊन आले, तेव्हा ते एकटे बसून हीटरच्या वायरी लावत होते. व्हॉल्व्हच्या निखाऱ्याला ६.३ व्होल्ट पुरवणारी ही जोडवायर, घट्ट पीळ देऊन चॅसीच्या कडेने न्यायची, नाहीतर आवाजात घुर्रर्र असा हम येतो. तीन सॉकेट झाली होती. चौथ्याला सोल्डरिंग आयर्न निसटलं होतं. टेबलक्लॉथला भोक आणि त्यांच्या बोटाला फोड. वीज कुठेच जोडलेली नव्हती, धोका असा काही नव्हता. पण माझा आवाज चढला. तो वर्गातला आवाज होता, मला माहीत आहे.

“आप्पा, आता तुम्ही हात लावायचा नाही.”

मुलगा दारात उभा होता. आप्पांनी आयर्न स्टँडवर ठेवलं, प्लग काढला, वायर गुंडाळली. दोन दिवस ते टेबलाकडे फिरकले नाहीत. वॉलपोल पार्कमध्ये जाऊन बसायचे, जेवायला यायचे, ‘हो’ आणि ‘नको’ एवढंच बोलायचे. मी कधी वडिलांना रागावले नव्हते. माफी कशी मागायची हेही माहीत नव्हतं, तेव्हा मी उकडीचे मोदक केले, गणपती लांब असताना. त्यांनी तीन खाल्ले. बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्ची घेऊन आले आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. “घे आयर्न,” म्हणाले. “मी सांगतो.”

मग जून, जुलै, ऑगस्ट आम्ही तसंच काम केलं. सकाळी अकरा ते दोन. ते सांगायचे, मी करायचे. नकाशाची झेरॉक्स त्यांच्यापुढे आणि हातात माझा जुना लाल पेन. मी जोड केला की ते चिमट्याने ओढून बघायला सांगायचे, भिंग लावून बघायचे. चमक नसली तर “ड्राय आहे. काढ.” काढायचे. परत करायचे. “आधी जोड तापव, मग सोल्डर लाव. आयर्नला सोल्डर चारू नको.” पसंत पडला तर नकाशावर त्या जागी लाल खूण. खूण वेडीवाकडी, पण मिळाली की मला आनंद व्हायचा. सहा वर्षं मी मुलांच्या वह्यांवर लाल पेन चालवला, त्याची पुरेपूर परतफेड झाली. त्यांनी स्वतः केलेल्या तीन सॉकेटांवर मात्र त्यांनी खूण केली नाही. ती वायर मी काढली नव्हती. पीळ कुठे तीन वेढ्यांचा, कुठे एकच, तशीच ठेवून पुढची लावली होती.

मधे एक दिवस नवऱ्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं की पहिल्यांदा वीज देताना बल्ब सिरीजमध्ये लावायची एक युक्ती असते. आत शॉर्ट असला तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि वस्तू वाचते. ठीक असेल तर एकदा उजळून मंद होतो. आप्पा इतके हसले की ठसका लागला. कराडच्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे सिरीजचा बोर्ड भिंतीला टांगलेला असतो! मात्र त्याला तारेचा जुना बल्ब लागतो, एलईडी चालत नाही. तो शेवटी साउथॉलला एका दुकानात मागच्या फळीवर मिळाला.

ऑगस्टच्या शेवटी आप्पा गेले. गणपतीला घर बंद ठेवायचं नाही, हे त्यांचं ठाम. विमानतळावर म्हणाले, “आऊटपुटच्या वायरी राहिल्यात. घाई करू नको.” मी त्या वायरी दुसऱ्याच दिवशी लावल्या.

एका रविवारी वीज दिली. स्पीकर जोडलेला, कारण त्याच्याशिवाय हे यंत्र चालू केलं तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. बल्ब उजळला, मंद झाला. व्हॉल्व्हमध्ये निखारे आले. मग जी किंकाळी फुटली! कुकरची शिट्टी, आगीचा अलार्म आणि मांजर, सगळं एकत्र. मुलगा पळाला. शेजारच्यांनी भिंत ठोकली. नवऱ्याने स्विच बंद केला आणि आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. चार महिने आणि आठशे पौंड.

मी आप्पांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर थांबतं का?”

“नाही.”

“मग पुढचं सगळं बरोबर आहे. आऊटपुटच्या दोन वायरी उलट लावल्यास. शेवटून थोडा आवाज मागे आणून वजा करायचा असतो, तुझ्याकडे तो मिळवला जातोय. मोठ्या सेटचा आऊटपुट बदलला की आमच्याकडे हमखास व्हायचं. बदल. आधी कंडेन्सर रिकामे कर. मीटर लाव. डावा हात कुठे आहे?”

“पाठीमागे.”

मीटरचा आकडा शून्याजवळ येईपर्यंत थांबले. दोन्ही केटी६६ च्या तीन नंबरच्या पिनेवरच्या वायरी अदलाबदल केल्या. फोन तसाच चालू, पलीकडे कराडच्या घरात कुणाचा तरी मिक्सर. वीज दिली. बल्ब उजळला, मंद झाला. अर्धा मिनिट काहीच नाही. किंकाळी नाही. नवऱ्याने गिटार लावली आणि एक तार छेडली.

आवाजाचं वर्णन मला जमणार नाही. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात तो वाजवणारच आहे. कार्यकारिणीने मोठा आवाज करायचा नाही असं लेखी कळवलंय, तरी पहिल्या दोन रांगांनी कान सांभाळावेत. नवरा मात्र दहा मिनिटं वाजवतच राहिला. फोनवरून आप्पा म्हणाले, “आता थांब जरा. नुसता चालू ठेव.”

आम्ही थांबलो.

“हम आहे,” ते म्हणाले.

“थोडासा.”

“हीटरची वायर. पहिल्या तीन सॉकेटांची. काढून परत लाव.”

“चालतंय हो, आप्पा.”

“चालतंय काय? शाळेत पोरांना असंच सांगायचीस का?”

“करते,” म्हणाले.

नवरा म्हणतो, अर्ध्या तासाचं काम आहे. आहे खरं.