डोलीची आस आणि तिचे कर्ते

मासेमारीच्या साधनांचा इतिहास कारखान्यांच्या छापांवरून आणि दरपत्रकांवरून लिहिण्याची रीत युरोपात रुजली, कारण १८३२ साली स्थापन होऊन पुढे गळांकडे वळलेली नॉर्वेची मुस्ताद किंवा १८७२ पासूनची इंग्लंडमधील हार्डी यांचा माल नावानिशी विकला जात होता. पनवेलच्या खाडीला हीच फूटपट्टी लावली तर हाती फारसे काही लागत नाही. येथे जाळे विणणारे घर आणि जाळे टाकणारे घर बहुधा एकच होते, आणि स्वतःच्या घरासाठी केलेल्या वस्तूवर कोणी छाप मारत नाही. पनवेल ठाणे जिल्ह्यात असताना निघालेल्या १८८२ च्या गॅझेटिअरातही जाळ्यांची माहिती मासेमारीच्या ओघातच येते.

तरीही कर्त्याची खूण जाळ्यात असते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधली जाणारी पिशवीसारखी डोल पाहिली, तर तिची आस, म्हणजे दोन गाठींमधील भोक, तोंडाशी मोठी असते आणि शेवटच्या खोल्याकडे लहान होत जवळा अडेल इतकी बारीक होते. हा उतार विणणाऱ्याच्या हातातील पट्टी ठरवी: सुईवरचा दोरा पट्टीभोवती फिरवून गाठ आवळायची, की एक आस पूर्ण. सुती जाळे कुजू नये म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवावे लागे, आणि तो खटाटोपही घरचाच.

१९५० नंतरच्या दोन दशकांत नायलॉन आले आणि काढा गेला. यंत्रावर विणलेले जाळे बाजारात मिळू लागले. १९७६ साली पुण्यात स्थापन झालेल्या गरवारे वॉल रोप्सने, म्हणजे २०१८ पासूनच्या गरवारे टेक्निकल फायबर्सने, दोर व जाळी यांचा धंदा कारखान्याच्या मापात आणला. येथून पुढे विणकर संपला, असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. यंत्र देते ते केवळ कापड. ते दोरावर चढवणे हाताचेच काम राहते. ताणलेल्या जाळ्याच्या लांबीशी दोराच्या लांबीचे जे प्रमाण असते त्याला चढवणीचे प्रमाण म्हणता येईल. ते ०.५ ठेवले तर आस उभट राहते, सुमारे ०.७१ ठेवले तर चौकोनी उघडते. एकाच गठ्ठ्यातून दोन वेगळी जाळी होतात, आणि मासाही वेगळा लागतो.

म्हणून या धंद्यातील मंडळींनी जुनी डोल तुणायला किंवा मोडीत काढायला आली, की तोंडापासून खोल्यापर्यंत दर टप्प्याची आस मोजून, दोराची लांबी आणि विणणाऱ्या घराचे नाव यांसह नोंदवावी. सुती जाळी आता क्वचितच दिसतात, आणि नायलॉनच्या पहिल्या पिढीची जाळीही भंगारात चालली आहेत.