वेदना म्हणजे भोग नव्हे!



आपल्या वस्त्यांमध्ये कॅन्सरची चर्चा होते ती पैसे कुठून आणायचे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, टाटाला नंबर कधी लागतो, इथपर्यंतच. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले की सगळे म्हणतात, "सुटलात!" पण अनेकांचं दुखणं तिथे संपत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या नसांना इजा झाली, तर छाती आणि दंडाची आग वर्षानुवर्षं राहू शकते. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन अशा केमोच्या औषधांनी हातापायांच्या नसा बिघडतात, मुंग्या आणि चटके मागे राहतात. तोंडाच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतल्यावर अनेकांचा जबडा आखडतो. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या अशा वेदनेची जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नोंद आहे. म्हणजे हा रुग्णाचा कांगावा नाही, हे निदान आहे.

तरी घरात काय ऐकू येतं? "भोग आहेत, भोगून संपवायचे." आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. गरिबांच्या हालाची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, यापलीकडे त्या कल्पनेचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल होता. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. त्यांनी डॉक्टर गाठले, नशिबाला बोल लावत बसले नाहीत. मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात कर्मसिद्धांत आजारपणाच्या वाटेने परत का येतो?

या वेदनेवर औषधं आहेत, फिजिओथेरपी आहे आणि मानसोपचारही आहे. मानसोपचार म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे दुखणं मनाचं आहे?" नाही. नस खरोखर दुखते. पण नसेकडून आलेला संदेश मेंदूपर्यंत जाताना कमी-जास्त होतो, हे मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. भीती, जागरण आणि नैराश्य वेदनेची धार वाढवतात. मानसोपचार काम करतो तो तिथे.

कसा, तेही समजून घेऊ. हात हलवला की दुखतं, म्हणून बाई हात हलवणंच सोडते. खांदा आखडतो आणि दुखणं वाढतं. बऱ्या दिवशी ती धुणं, भांडी, पाणी सगळं उरकते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढते. प्रत्येक कळ उठली की वाटतं, गाठ परत आली. सीबीटी नावाच्या उपचारात समुपदेशक हे चक्र रुग्णासोबत उलगडतो. काम थोडं-थोडं वाटून कसं करायचं, दुखण्याआधीच कधी थांबायचं, झोप कशी सावरायची, मनात आलेला वाईट विचार कसा तपासायचा, हे शिकवतो. नवीन किंवा वाढती वेदना मात्र आधी डॉक्टरांनाच दाखवायची. या उपचाराने वेदना जादूसारखी नाहीशी होत नाही. तिचा आयुष्यावरचा ताबा कमी होऊ शकतो, आणि तेही थोडं नाही.

काही धम्मबांधव म्हणतात, "विपश्यनेला बसा, सगळं जाईल." सजगतेवर आधारलेला कार्यक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयात सुरू केला, तो जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठीही. त्यामागे बौद्ध ध्यानपरंपरा आहे, याचा आनंद आहे. पण तिथे वैद्यकीय उपचार चालू ठेवूनच ध्यान शिकवलं जातं. गोळ्या बंद करून शिबिरात बसणं हा धम्म नव्हे.

चळवळीतल्या साथींचा आक्षेप जास्त वजनदार आहे: "दुखणं व्यवस्थेने दिलेलं, आणि तुम्ही रुग्णालाच मन सांभाळायला सांगता?" यातलं अर्धं आम्हाला मान्य आहे. मॉर्फिनची गरज असलेल्याला नुसता सल्ला देऊन घरी पाठवणं ही फसवणूकच आहे. मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून २०१४ मध्ये अंमली पदार्थ कायदा बदलला गेला. त्याचा लाभ शेवटच्या रुग्णापर्यंत गेलाच पाहिजे. पण उरलेलं अर्धंही ऐका. झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला "काम वाटून करा" हा सल्ला तेव्हाच उपयोगाचा, जेव्हा मुकादम खाडा धरणार नाही. म्हणजे नीट केलेला मानसोपचार हलक्या कामाच्या आणि पगारी रजेच्या मागणीपर्यंतच पोहोचतो. तो लढ्याच्या आड येत नाही. आणि पैसेवाल्याने समुपदेशकाकडे जायचं, आपल्या माणसाने फक्त सोसायचं, ही वाटणी कोणी ठरवली? सोसण्याचं कौतुक पुरे झालं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. त्यावर उभं राहून आमच्या मागण्या अशा:

१. जिल्हा रुग्णालयात कॅन्सरनंतरच्या वेदनेसाठी डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि समुपदेशक एकाच दिवशी, एकाच ठिकाणी भेटावेत.
२. जन आरोग्य योजनेच्या कॅन्सर पॅकेजमध्ये वेदना-उपचार आणि समुपदेशन स्पष्ट शब्दांत लिहिलं जावं.
३. समुपदेशन मराठीत आणि रुग्णाच्या बोलीत व्हावं. जातीची आणि कामाची परिस्थिती समजणारी आपली मुलंमुली त्या पदांवर यावीत.

तोवर तरुणांनी एवढं करावं: वस्तीत कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला "आता बरं ना?" एवढंच विचारू नका. "कुठे दुखतं? झोप लागते का?" हेही विचारा. उत्तर वहीत लिहा आणि त्यांच्यासोबत ओपीडीत जा. मन फार खचलेलं दिसलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्या; मात्र तो आधार आहे, वेदनेचा पूर्ण उपचार नव्हे. भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढंच सांगितलं नाही, त्याला कारण आहे आणि उपायही आहे, हे सांगितलं. तो उपाय सरकारी दवाखान्यात मिळवून घेणं आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!