ऑलिंपिकमधील गोल्फ: हरवलेली झुंज

ऑलिंपिकमधील गोल्फ कंटाळवाणे, हा दोष खेळाचा नव्हे, आयोजकांचा आहे. १९०४ साली सेंट लुईस येथे आधी फटके मोजून ३२ जण निवडले गेले. पुढे समोरासमोर बाद फेऱ्या. अंतिम लढतीत कॅनडाच्या ४६ वर्षीय जॉर्ज लायनने अमेरिकेचा तरुण विजेता चँडलर इगन याला नमवले, आणि चषक स्वीकारायला तो म्हणे हातांवर चालत गेला! ११२ वर्षांनी, २०१६ मध्ये, गोल्फ रिओत परतले. पण सोबत आणली ती व्यावसायिक स्पर्धांत दर आठवड्याला दिसणारी चार दिवसांची, ७२ होलांची बेरीज. २०२८ साठी मिश्र सांघिक प्रकाराची भर पडली आहे. ती स्वागतार्ह, पण वैयक्तिक पदकाची वाट तशीच राहिली. दोन दिवस फटके मोजावेत, उरलेल्या दोन दिवसांत अव्वल सोळांच्या बाद फेऱ्या खेळवाव्यात. दिवस तेवढेच लागतील.