दहा राग, डिस्कोचा ठेका आणि वीस वर्षं विसरलेली रेकॉर्ड

दिवाळीच्या सफाईत आमच्या गाझियाबादच्या घरी दरवर्षी एकाच वस्तूवरून वाद होतो. माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला बाबांचा कॅसिओ. इकडे नोकरी लागण्याआधी बाबा सोलापुरात एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला मराठी ऑर्केस्ट्रा, गणपतीत आणि लग्नात हिंदी-मराठी गाणी सादर करणारा. माझ्या आठवणीत तो कॅसिओ एकदाही वाजलेला नाही. यंदा आई म्हणाली, "कबाडीवाल्याला देऊन टाकूया, जागा तरी होईल." बाबा नुकतेच निवृत्त झालेत. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "दे."

मला ते "दे" काही पटलं नाही. पण "नको" म्हणायला माझ्याकडे कारणही नव्हतं. ते कारण मला एका जुन्या रेकॉर्डने दिलं. म्हणून या वेळी तिचीच गोष्ट.

अंतराळात पोहोचलेला डिस्को

सत्तरच्या दशकाच्या शेवटी जगाला दोन गोष्टींचं वेड लागलं होतं, डिस्को आणि अंतराळ. मे १९७७मध्ये अमेरिकेत 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. मेको मोनार्डो नावाच्या ट्रॉम्बोनवादकाने तो पाहिला आणि जॉन विल्यम्स यांच्या संगीताला मोठ्या वाद्यवृंदासह डिस्कोचा ठेका जोडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. व्हायोलिन, तुताऱ्या, ढोल आणि मधेच यंत्रमानवाचे चित्रविचित्र आवाज, असा तो मामला.

या लाटेत आपला एक माणूसही होता. बंगळुरूहून लंडनला गेलेले बिद्दू. 'कुर्बानी'मधलं नाझिया हसनचं गाणं त्यांचंच. त्यांच्या नावाचा वाद्यवृंद होता आणि त्यांच्या एका अल्बमचं नावच 'फ्युचरिस्टिक जर्नी' होतं, म्हणजे भविष्याचा प्रवास.

इकडे मराठीतही भविष्याची ओढ होतीच. जयंत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा विज्ञानकथांचा संग्रह १९७९चा. माझ्या आईने तो शाळेत बक्षीस म्हणून मिळवला होता आणि अजून जपून ठेवलाय. (पुस्तक माळ्यावर जात नाही, कॅसिओ जातो, हेही लक्षात घ्या!)

पण या सगळ्यांत भविष्याच्या सर्वांत जवळ पोहोचलेली रेकॉर्ड मुंबईत तयार झाली. तिच्यात ना यान होतं, ना परग्रह. होते ते दहा राग.

ऑर्केस्ट्रावाले चरणजित सिंग

चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीतले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे ते गिटार आणि कीबोर्ड वाजवायचे. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही होता आणि ते लग्नसमारंभांत वाजवत. फिल्मी गाण्यांच्या धुनांच्या रेकॉर्डही त्यांनी काढल्या होत्या.

त्या काळातल्या वादकांची नावं रेकॉर्डच्या कव्हरवर क्वचितच छापली जायची. गायक, संगीतकार आणि गीतकार सर्वांना माहीत. पण स्टुडिओत बसलेले पन्नास-साठ वादक कोण? गोव्याहून आलेले व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाले, स्वरलेखन करून देणारे अरेंजर, तालवाद्यांचे उस्ताद, यांच्यापैकी अनेकांची नावं आज त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक असतील.

१९८२ साली चित्रपटांत डिस्कोचा पाऊस पडत होता. 'डिस्को डान्सर' त्याच वर्षीचा. चरणजित सिंग यांना वाटलं, सगळे डिस्को करताहेत तर आपण जरा वेगळं करूया. तबला बाजूला ठेवायचा, डिस्कोचा ठेका घ्यायचा आणि त्यावर राग वाजवायचे. एचएमव्हीने ही रेकॉर्ड काढली. तिचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ललत, भूपाळी, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस असे एकूण दहा राग आणि प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांत. मोठा वाद्यवृंद नाही. एक माणूस आणि तीन यंत्रं.

रेकॉर्ड चालली नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना ती पोरकट वाटली असेल आणि नाचणाऱ्यांना हवी होती गाणी. दुकानदाराने ती कोणत्या कप्प्यात ठेवायची, हाही प्रश्नच होता. चरणजित सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

तीन यंत्रं आणि मींड

आता थोडं यंत्रांविषयी, कारण खरी गंमत तिथेच आहे. तिन्ही यंत्रं रोलँड या जपानी कंपनीची. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल वाजवणारं यंत्र आणि टीबी-३०३ ही चंदेरी रंगाची छोटीशी पेटी.

टीबी-३०३चा जन्म भलत्याच कामासाठी झाला होता. घरी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी, म्हणून ती बास गिटारची नक्कल करायची. नक्कल काही जमली नाही. आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. पेटी खपली नाही आणि १९८४मध्ये कंपनीने तिचं उत्पादन बंद केलं.

पण तिच्यात एक गुण होता. ती एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी न मारता घसरत जाऊ शकते. आपल्या संगीतात याला मींड म्हणतात. गाणं शिकणाऱ्या कुणालाही विचारा, मींड नसेल तर राग म्हणजे नुसती सुरांची यादी. हार्मोनियमवर हीच तर तक्रार होती. तिच्या पट्ट्यांवर सूर तुटक येतात, मींड घेता येत नाही. या आणि अशा कारणांनी आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत हार्मोनियमवर बंदी घातली होती. तीस वर्षं!

म्हणजे बघा, जी गोष्ट हार्मोनियमला जमत नव्हती, ती एका फसलेल्या जपानी पेटीला थोडीफार जमत होती. चरणजित सिंग यांनी ते हेरलं. ठेका अजिबात न थांबणारा, खाली गुरगुरत घसरणारे सूर आणि वर रागाचे आलाप-तानांसारखे तुकडे. तोडीतले कोमल सूर गवयाच्या गळ्यातल्यासारखे बारकाईने लागत नाहीत, हे खरं. पण चलन रागाचंच आहे.

पाच वर्षांनी, १९८७मध्ये, अमेरिकेतल्या शिकागो शहरात फ्युचर नावाच्या गटातल्या तीन तरुणांनी हीच पेटी घेतली आणि तिची बटणं पिरगाळत 'ॲसिड ट्रॅक्स' नावाचं संगीत केलं. त्यातून 'ॲसिड हाऊस' हा प्रकार जगभर पसरला. आजही क्लबमध्ये आणि रीलमध्ये वाजणाऱ्या कितीतरी संगीतात त्याचे अंश आहेत. त्या तरुणांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली असण्याचं काही कारण नाही, त्यामुळे चरणजित सिंग यांना या संगीताचा जनक म्हणणं बरोबर ठरणार नाही. पण तो आवाज त्यांच्या घरी आधी येऊन गेला होता.

दिल्लीच्या दुकानात

२००२ साली एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ही रेकॉर्ड सापडली. भारतीय चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्ड तो गोळा करायचा आणि चरणजित सिंग हे नाव त्याला माहीत होतं. सोबतच्या छोट्या रेकॉर्ड प्लेअरवर त्याने ती लावली आणि थक्क झाला. पुढे मुंबईत चरणजित सिंग यांचा शोध घेऊन तो त्यांना भेटला. २०१०मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन' या कंपनीने ती रेकॉर्ड पुन्हा काढली.

मग परदेशात चर्चा सुरू झाली. काहींना तर ही थट्टा वाटली. कुणीतरी आजच्या काळात हे संगीत केलंय आणि १९८२चं म्हणून खपवतंय, असा संशय घेतला गेला! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग पुन्हा रंगमंचावर आले. युरोपात त्यांच्या नातवंडांच्या वयाची मुलं त्यांच्या यमनवर आणि मालकंसावर नाचली. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

मी वैशालीहून मेट्रोने दिल्लीला रोज जाते. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, कुठल्याशा दुकानात, ती रेकॉर्ड धूळ खात पडली होती हे वाचल्यावर मला वाईट वाटलं, आणि बरंही. वाईट यासाठी, की ती उचलायला दुसऱ्या देशातून माणूस यावा लागला. बरं यासाठी, की वीस वर्षांत कुणी ती रद्दीत घातली नव्हती. आणि सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे कौतुक झालं तेव्हा ते ऐकायला ज्याने वाजवलं तो माणूस होता. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

घरी सगळ्यांनी मिळून कसं ऐकाल?

अल्बमचं नाव मोबाइलवर शोधलंत तर ऐकायला मिळेल. सुरुवात भूपाळीपासून करा. पाचच सूर आहेत, घरातल्या लहानांनाही लगेच ओळखू येतील. आजी-आजोबांना रागाचं नाव आधी सांगू नका, त्यांनाच ओळखायला लावा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खालचे सूर ऐकूच येत नाहीत, म्हणून हेडफोन किंवा मोठा स्पीकर वापरा. दहाही राग एका दमात ऐकू नका. ठेका सारखाच असल्याने कंटाळा येईल. दोन आज, दोन उद्या.

माळ्यावर रेकॉर्ड असतील तर

- रेकॉर्ड एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की वजनाने वाकतात.
- माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. तिथून काढून कपाटात, उन्हापासून दूर ठेवा.
- धरताना फक्त कडेला आणि मधल्या कागदी लेबलला हात लावा.
- धूळ मऊ, कोरड्या ब्रशने गोल दिशेने काढा. लाखेच्या जुन्या ७८च्या रेकॉर्डला स्पिरिट कधीही लावू नका, लाख विरघळते.
- सर्वांत महत्त्वाचं, ती रेकॉर्ड किंवा ते वाद्य कुणाचं, कुठून आलं, हे घरच्या मोठ्यांना विचारा आणि मोबाइलवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. वस्तू टिकते, पण तिची गोष्ट माणसाबरोबर जाते.

आणि आमचा कॅसिओ?

रविवारी सकाळी मी मोठ्या स्पीकरवर भूपाळी लावली. काही सांगितलं नाही. बाबा पेपर वाचत होते. मिनिटभराने त्यांचा पाय हलायला लागला. मग म्हणाले, "हे कोण वाजवतंय? हात ऑर्केस्ट्रावाल्याचा आहे."

"कशावरून?"

"दम खात नाही कुठे. लग्नात वाजवणाऱ्याला थांबता येत नाही गं, लोक नाचत असतात."

मी सगळी गोष्ट सांगितली. मग पहिल्यांदाच त्यांनी त्यांची सांगितली. अक्कलकोटजवळच्या एका गावात पावसात वीज गेली, तेव्हा कॅसिओला टॉर्चचे सेल घालून त्यांनी दोन गाणी निभावून नेली होती. कॅसिओ सेकंडहँड घेतला होता, आजोबांना न सांगता. इकडे आल्यावर शिफ्टची नोकरी, मग माझा जन्म, मग घराचे हप्ते. "वाजवणं सोडलं असं नाही, राहून गेलं," ते म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही पावसाची गोष्ट माहीत नव्हती.

कॅसिओ खाली काढला. तो सुरू होत नाही. ॲडॉप्टर हरवलाय आणि सेलच्या कप्प्यात गंज चढलाय. बाबांनी चष्मा लावून स्क्रू उघडले आणि आत बराच वेळ बघत बसले. येत्या रविवारी आम्ही दोघं लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये जाणार आहोत. दुरुस्त होईल की नाही, दुकानदारच सांगेल. माळ्यावरच्या रिकाम्या जागेत आईने दिवाळीचे आकाशकंदील ठेवलेत, त्यामुळे कॅसिओला आता परत वर जायला जागा नाही.

तुमच्या घरच्या माळ्यावर काय आहे? या दिवाळीत खाली काढा आणि ज्याचं आहे त्याला एकदा विचारा.