उष्णता उपसण्याची रीत

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन या राज्यातील घरे हिवाळ्यात उबदार ठेवण्यासाठी खनिज तेलावर जितकी विसंबून असतात तितकी त्या देशातील अन्य कोणत्याही राज्यातील घरे नसतात. म्हणूनच या राज्याने २०१९ मध्ये असे उद्दिष्ट ठरवले की २०२५ पर्यंत एक लाख नवे हीट पंप बसवले जावेत, आणि हा आकडा २०२३ च्या उन्हाळ्यातच ओलांडला गेला. यातील मोठा वाटा ‘डक्टलेस’ यंत्रांचा आहे. घरभर हवेचे पत्र्याचे मार्ग न टाकता एक युनिट घराबाहेर, दुसरे खोलीच्या भिंतीवर आणि दोहोंना जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक नळ्या, अशी त्यांची रचना असते. मुंबई-पुण्यातील वाचकांना परिचित असलेला स्प्लिट एसी तो हाच. त्यात फक्त चार तोंडांची एक झडप अधिक असते, जी नळ्यांतून फिरणाऱ्या शीतकारक द्रव्याची दिशा उलटवते, आणि त्यामुळे उन्हाळ्यात खोलीतून बाहेर टाकली जाणारी उष्णता हिवाळ्यात बाहेरून आत आणली जाते. भारतीय बाजारात असे यंत्र ‘हॉट अँड कोल्ड एसी’ या नावाने विकले जाते.

गोठवणाऱ्या हवेतून उष्णता मिळवणे अशक्य वाटत असले, तरी उणे १० अंश सेल्सिअसची हवा निरपेक्ष शून्याच्या तुलनेत २६३ अंश गरम असते आणि तिच्यात उष्णता भरपूर असते. अडचण असते ती उष्णता अधिक तापमानाच्या खोलीत चढवण्याची. विजेची शेगडी एक युनिट विजेतून एक युनिट उष्णता देते, तर हीट पंप उष्णता निर्माण न करता ती केवळ वाहून आणत असल्यामुळे सौम्य थंडीत तेवढ्याच विजेत तीन ते चार युनिट आणि उणे १५ अंशांच्या आसपास साधारण दोन युनिट उष्णता आत पोहोचवतो. या गुणोत्तराला कार्यगुणांक म्हणतात. लॉर्ड केल्विन म्हणून पुढे ख्यातनाम झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच ही कल्पना मांडली होती. विहिरीचे पाणी जितके खोल, तितके ते उपसण्याचे कष्ट अधिक, हा न्याय येथे तंतोतंत लागू पडतो, फक्त खोली फुटांऐवजी अंशांत मोजायची.

मात्र ही खोली केवळ बाहेरच्या आणि आतल्या हवेच्या तापमानावरून ठरत नाही, आणि यंत्राच्या कामगिरीचे बहुतेक मर्म येथेच आहे. उष्णता बाहेरच्या हवेतून कॉइलमध्ये यायची तर बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असावी लागते, आणि ती खोलीत सोडायची तर आतली कॉइल खोलीपेक्षा बरीच गरम असावी लागते. म्हणजे खोली २० अंशांवर ठेवायची असली तरी यंत्राला प्रत्यक्षात ४० किंवा त्याहून अधिक अंशांपर्यंत उष्णता चढवावी लागते. उष्णता घाईने हवी असेल तर ही दोन्ही अंतरे वाढतात, आणि संथपणे चालेल तर त्याच कॉइलमधून थोडी थोडी उष्णता सहज वाहत असल्यामुळे ती आक्रसतात. जपानमध्ये १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घरगुती यंत्रांत आलेल्या इन्व्हर्टर तंत्राचे, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करण्याच्या सोयीचे, खरे महत्त्व यातच आहे.

तेलाच्या भट्टीची सवय या यंत्राला लावणे ही सर्वांत महागात पडणारी आणि दुर्दैवाने सर्वांत प्रचलित चूक होय. भट्टी जोरात पेटली काय किंवा मंद, तिची कार्यक्षमता फारशी बदलत नाही. त्यामुळे रात्री ती कमी करून पहाटे जोरात पेटवणे तेथे फायद्याचे ठरते. हीट पंपाला मात्र पहाटेच्या कडाक्यात, म्हणजे बाहेरची हवा सर्वांत थंड असताना, पूर्ण वेगाने धावायला लावले की कार्यगुणांक घसरतो आणि रात्री वाचवलेल्या विजेचा मोठा भाग सकाळी परत द्यावा लागतो. कडक थंडीत एक-दोन अंशांपलीकडे तापमान उतरवू नये, हा नियम रोजच्या वापरासाठी पुरेसा आहे. घर अनेक दिवस बंद राहणार असेल तर गोष्ट वेगळी, कारण थंड घरातून बाहेर झिरपणारी उष्णताच मुळात कमी असते.

रिमोटवरील आकड्याकडे किती विश्वासाने पाहावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बहुतेक यंत्रांतील तापमापक छताजवळच्या युनिटमध्येच असतो आणि गरम हवा वर साचत असल्यामुळे तो खोलीपेक्षा अधिक तापमान दाखवतो. म्हणून आकडा गरजेनुसार एक-दोन अंश वर ठेवणे आणि वाऱ्याच्या पट्ट्या खाली वळवणे यात काहीही चुकीचे नाही. पंख्याचा वेग यंत्रावरच सोपवणे बरे, पण शीतन व तापन यांतील निवड ‘ऑटो’वर सोडू नये, कारण ऊन-थंडीच्या संक्रमणकाळात यंत्र सकाळी तापवते आणि दुपारी तीच उष्णता बाहेर फेकू लागते. फिल्टर दर काही आठवड्यांनी धुणे हे तर गृहीतच धरावे.

बाहेरच्या युनिटकडे होणारे दुर्लक्ष अधिक चिंताजनक आहे. शून्याच्या थोड्या वर, दमट हवेत, त्याच्या कॉइलवर बर्फाचा थर जमतो. कोरड्या कडक थंडीत तो उलट कमी जमतो, कारण तेव्हा हवेत बाष्पच थोडे असते. थर वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलट दिशेने चालते, आतला पंखा थांबतो आणि बाहेर वाफेचा लोट उठतो; अनेक जण याला बिघाड समजून यंत्र बंद करतात, आणि बर्फ तसाच राहतो. युनिट साचणाऱ्या बर्फाच्या पातळीहून उंच घडवंचीवर असावे, छपराचे पाणी त्यावर ठिबकू नये आणि शोभेसाठी ते लाकडी पेटीत कोंडू नये. मुंबईच्या उंच इमारतींत अरुंद शाफ्टमध्ये एकावर एक रचलेल्या युनिटांची व्यथा याच जातीची आहे: खालच्याने सोडलेली गरम हवा वरचे शोषते आणि उष्णता चढवण्याची खोली विनाकारण वाढते. १ जानेवारी २०२० पासून भारतात खोलीच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवण्याची जी सक्ती झाली, तिच्या मुळाशीही हेच गणित आहे, कारण विदर्भातील ४५ अंशांच्या दुपारी १८ आणि २४ यांतील सहा अंश कॉम्प्रेसरला फार जड जातात.

यंत्र निवडताना गरजेपेक्षा मोठे घेण्याचा मोह सर्वत्र दिसतो. प्रत्येक इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला वेगाची एक खालची मर्यादा असते. तीही खोलीच्या गरजेहून अधिक ठरली की यंत्र सतत बंद-चालू होत राहते आणि संथपणाचा सारा लाभ हातचा जातो. एका बाह्य युनिटला चार-पाच खोल्या जोडलेल्या रचनेत हा दोष अधिक जाणवतो, कारण एकाच खोलीला ऊब हवी असली तरी मोठा कॉम्प्रेसर चालवावा लागतो. म्हणून शक्य तेथे एका खोलीला एक स्वतंत्र जोडी हीच निवड उचित. जुनी भट्टी घरात राहणारच असेल, तर तिचा थर्मोस्टॅट हीट पंपापेक्षा काही अंश खाली लावावा. दोन्हींचे आकडे समान ठेवले तर भट्टी आधी पेटते, खोली तापलेली पाहून हीट पंप मंदावतो आणि तेलाचे बिल आहे तेवढेच येत राहते.