सत्काराचे श्रीफळ आणि घरचा उंबरठा

यमद्वितीयेची कथा आपण दरवर्षी ऐकतो आणि ऐकून पुढे जातो. ज्याच्या नुसत्या नावाने जगाचा थरकाप होतो, त्या यमधर्माला आपण होऊन जेवावयास बोलावणारे घर एकच होते, आणि ते त्याच्या बहिणीचे, यमुनेचे. कार्तिक शुद्ध द्वितीयेस तो तिच्या दारी आला. तिने त्याला स्नान घातले, ओवाळले आणि पंचपक्वान्नांचे ताट वाढले. लोक त्याला भितात की टाळतात, याचा विचार तिने केला नाही. तो आपला भाऊ आहे, एवढेच तिने पाहिले. भाऊबीजेचा गाभा आम्ही तो हाच मानतो. जग ज्याला दार लावून घेते, त्यालाही घरच्या पाटावर जागा असते.

आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज उजाडली की मंडईचे दिवस लागतात. वैनगंगेच्या तीरावरील पवनी, त्या तालुक्यातील आसगाव आणि आसपासची लहानमोठी गावे या दिवसांत माणसांनी फुलून जातात. शेतात धान पिकलेले असते, माहेरवाशिणी आलेल्या असतात, दिवसा मंडईचा बाजार आणि रात्री दंडार किंवा नाटक असा बेत ठरलेला असतो. याच सुमारास ठिकठिकाणी सत्कार समारंभही होतात. गुणवंत विद्यार्थी, देणगीदार, निवृत्त गुरुजी, भजनी मंडळाचे बुवा यांना शाल व श्रीफळ दिले जाते. ही प्रथा चांगली आहे. जे गाव आपल्या सेवकांचे स्मरण ठेवते, त्या गावाला सेवकांची वाण पडत नाही. या सत्कारमूर्तींच्या यादीत आणखी एका वर्गाची भर घालावी, एवढीच आमची आजची सूचना आहे.

तो वर्ग म्हणजे तृतीयपंथी व समलिंगी व्यक्तींची सेवा करणारे कार्यकर्ते. इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्यांना आज 'एलजीबीटी' म्हणतात, ती माणसे काही परदेशांतून आलेली नाहीत. ज्यांच्या मनाची ओढ स्वतःसारख्याच स्त्रीकडे वा पुरुषाकडे असते असे, आणि जन्मतः मिळालेला देह ज्यांच्या अंतरीच्या जाणिवेशी जुळत नाही असे, लोक आपल्याच घरांत जन्मास येतात. त्यांतील कित्येकांना पुढे ते घर राहत नाही. तेव्हा त्यांना हात देणारे जे मोजके स्त्रीपुरुष आहेत, त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत.

हे कार्यकर्ते नेमके काय करतात? घराबाहेर काढलेल्या मुलाला रात्रीपुरता आसरा देतात. रुग्ण पुरुषांच्या खोलीत ठेवावा की स्त्रियांच्या, या घोळात दवाखान्याच्या दारी ताटकळणाऱ्यासाठी डॉक्टरांना विनवितात. शिधापत्रिकेसाठी व ओळखपत्रासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवितात. एड्ससारख्या रोगापासून जीव कसा जपावा, हे संकोच न करता सांगतात. जीव द्यावयास निघालेल्याला फोनवर बोलत ठेवतात. आणि ज्याच्या अंत्यविधीस नातलग फिरकत नाहीत, त्याच्या तिरडीला खांदा देतात. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचावी. आसरा, औषधपाणी, धीर, अखेरचा खांदा यांपैकी कोणते काम मुळात परक्याचे आहे? हे सारे आईबापांचे व भावंडांचे काम आहे. आपण टाकलेली कर्तव्ये हे लोक मुकाट्याने उचलीत आले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात या सेवेची परंपरा आता तीन दशकांहून जुनी झाली आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट'ची स्थापना झाली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये 'समपथिक ट्रस्ट' उभारला. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने खिरे यांचे कार्य विशेष मोलाचे आहे. जो विषय घरात इंग्रजीतसुद्धा निघत नव्हता, त्यावर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली, आणि आपल्या मुलाचे काय चुकले असे विचारणाऱ्या आईबापांना त्यांच्याच भाषेत उत्तर मिळू लागले. मुंबईच्या मालाड भागात २००० मध्ये 'सखी चारचौघी' ही संस्था स्थापन झाली. तिच्या गौरी सावंत स्वतः तृतीयपंथी आहेत. आई गमावलेल्या एका मुलीला त्यांनी पोटाशी धरले, आणि २०१७ मध्ये एका जाहिरातीच्या द्वारे या मायलेकींची कथा देशभर पोचली. ज्यांना घराने टाकले, त्यांनी दुसऱ्याच्या लेकराला घर द्यावे, याहून मोठी तपश्चर्या आम्हांस ठाऊक नाही.

आमच्या विदर्भात नागपूरचा 'सारथी ट्रस्ट' याच वाटेवर चालत आला आहे. त्याच नागपुरात २०१८ मध्ये विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्तीची लोक अदालतीच्या पॅनेलवर नेमणूक झाली, आणि लोकांची भांडणे मिटविण्याच्या कामी त्या बसल्या. ज्यांच्याकडे पाहून मुले खिदळतात, त्यांच्यासमोर थोरामोठ्यांनी हात जोडून आपली गाऱ्हाणी मांडली. एका नेमणुकीने हा फरक घडविला.

शहरांत हे चालेल, खेड्यात कोण चालू देणार, असे कोणी म्हणेल. त्याला खेड्यांनीच उत्तर दिले आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात तरंगफळ नावाचे गाव आहे. तेथील मतदारांनी २०१७ मध्ये ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंचपदी निवडून दिले. गाव त्यांना 'माऊली' म्हणते. पंढरीच्या वाटेवरचा मुलूख हा शब्द कोणासाठी वापरतो, हे आमच्या भाविक वाचकांस सांगावयास नको. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा अर्ज ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अडविला गेला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढविण्याची मुभा दिली, आणि त्या निवडून आल्या. न्यायालयाने केवळ वाट मोकळी केली. मते गावानेच दिली.

शासनदरबारीही गौरव झाला आहे. यल्लम्मा देवीची सेवा करणाऱ्या कर्नाटकातील मंजम्मा जोगती यांना नोव्हेंबर २०२१ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री मिळाली. त्या प्रसंगी मंजम्मांनी आपल्या पदराने राष्ट्रपतींची दृष्ट काढली, हे साऱ्या देशाने पाहिले. सन्मान घेण्यापूर्वी त्यांनी शुभचिंतन दिले! तृतीयपंथीयांकडून आशीर्वाद घेण्याची आपल्याला सवय आहेच. बारशाला, लग्नाला, नव्या दुकानाच्या मुहूर्ताला त्यांची टाळी शुभ मानणारी घरे पुष्कळ आहेत. पण तो आशीर्वाद आपण ओसरीच्या खाली उभे ठेवून घेतो. शुभ शब्द आत यावा आणि तो बोलणारा बाहेर राहावा, हा न्याय कोणता?

रंगमंचाच्या बाबतीतही आपण असेच वागलो. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, आणि १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषणही मिळाले. आमच्या झाडीपट्टीच्या दंडारीत लुगडे नेसून नाचणाऱ्या पुरुषावर गावाने पिढ्यान्‌पिढ्या दौलतजादा केली. नाट्य निराळे आणि जीवन निराळे, हे आम्ही जाणतो. भूमिका करणारा रंग पुसून घरी जातो. परंतु रात्री ज्या रूपाला टाळ्या दिल्या, तेच रूप एखाद्याच्या अंतरात जन्मभर वसले आहे असे सकाळी कळताच दगड हाती घेणे, हे रसिकतेला शोभत नाही आणि माणुसकीला तर नाहीच.

भाविक मनात येथे शंका उठेल, की हे सारे धर्माला धरून आहे काय? शास्त्रवचने दोन्ही बाजूंची आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मनुस्मृतीने क्लीबाला वारसाहक्क नाकारला आहे. पण अमरकोशाने 'तृतीया प्रकृती' असा शब्द नोंदविला, म्हणजे अशा मनुष्यास प्रकृतीतच स्थान दिले. भारतीय युद्धात शिखंडीवाचून भीष्मांचा शेवट होत नाही, आणि बृहन्नडेच्या वेषात अर्जुन विराटाच्या अंतःपुरात राजकन्येचा गुरू होतो. ज्या देव्हाऱ्यात अर्धनारीनटेश्वर पूजिला जातो, त्या देव्हाऱ्यापुढे उभे राहून कोणाच्या देहाची कुचेष्टा कशी करावी? तृतीयपंथीयांना जन्मजात गुन्हेगार ठरवून त्यांची नोंदवही ठेवण्याचा कायदा १८७१ मध्ये इंग्रज सरकारने केला, आणि समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणारे ३७७ वे कलमही त्याच सरकारच्या १८६० च्या दंडसंहितेतले. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या ओळखीला मान्यता दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. परक्यांचे म्हणून जे आपण हिणवितो, त्यात तिरस्काराचा कायदा तरी निश्चित परक्यांचा होता.

दुसरी तक्रार व्यवहाराची आहे. ही मंडळी बाजारात, आगगाडीत पैसे मागतात, कधी त्रासही देतात, असे लोक म्हणतात. तक्रार सर्वस्वी खोटी नाही. पण ज्याला शाळेतून चिडवून हाकलले, शेतावर कामाला घेतले नाही, भाड्याने खोली दिली नाही, त्याने पोट कसे भरावे? मागण्यावाचून दुसरी वाट मोकळी असावी म्हणूनच हे कार्यकर्ते शिक्षणासाठी व नोकरीसाठी झटत आहेत. ज्याला ती तक्रार खरी वाटते, त्याने तर त्यांच्या पाठीशी सर्वांआधी उभे राहिले पाहिजे.

समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी कायदेमंडळाकडे सोपविला. त्यावर घरोघरी मतभेद आहेत आणि राहतील. आमचे मागणे त्याहून फार साधे आहे. मत काहीही असो, पोटचे लेकरू घराबाहेर काढू नये.

सत्काराचा खरा अर्थ आमच्या मते येथे लागतो. ज्याच्या सेवेचा आपण गौरव करतो, त्याच्या खांद्यावरचे थोडे ओझे आपण उचलावे, अशी त्यात कबुली असते. शिक्षकाला शाल घालून मुलाला शाळेबाहेर ठेवणाऱ्याचा सत्कार फोल ठरतो. त्याचप्रमाणे या कार्यकर्त्यांना व्यासपीठावर श्रीफळ देऊन घरी येऊन आपल्या मुलाला 'तू आमचा नव्हेस' म्हणणाऱ्याचा सत्कारही फोल होय. खरे पाहता, आपल्या घरांनी आपले कर्तव्य केले, तर आसरा शोधत फिरण्याची पाळीच कोणावर येणार नाही. आपल्या सेवेची गरज उरू नये, यासारखे दुसरे सुख या सेवकांना कशात वाटेल?

म्हणून आसगावच्या आणि आसपासच्या मंडळांना आमची विनंती आहे, की यंदाच्या मंडईत अशा एखाद्या कार्यकर्त्याला सन्मानाने पाचारण करावे. त्याचे वा तिचे चार शब्द गावाने शांतपणे ऐकावेत. गुरुजींनी वर्गातील चिडवाचिडवीला आळा घालावा. ओळखपत्राच्या कागदपत्रांसाठी ग्रामपंचायतीने हात द्यावा. ज्याने जे नाव स्वीकारले असेल, त्या नावाने त्याला हाक मारावी. आणि ज्या माउल्यांचे लेकरू या कारणाने दुरावले आहे, त्यांनी भाऊबीजेला त्याला निरोप धाडावा. बहिणीने पाट मांडावा, निरांजन लावावे. तो भाऊ म्हणून येईल की बहीण म्हणून, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. यमुनेने आपल्या भावाला एकही अट घातली नव्हती. तिच्या नावाने हा सण पाळणाऱ्या घरांनीही ती घालू नये.